आधी वही, मग वेबसाइट

"ताई, आमचं युवक मंडळ मानेवाडा भागातलं. चाळीसेक मुलंमुली आहोत. रविवारी सकाळी समाजभवनात पाचवी ते दहावीच्या मुलांचा मोफत वर्ग घेतो. वर्षातून एक रक्तदान शिबिर, लहान मुलांचा लाकडी नंदीबैलांचा तान्हा पोळा, गणपतीत निर्माल्य गोळा करणं, हीही कामं असतात. मागं एका मित्रानं मंडळाची वेबसाइट काढली होती. तो नोकरीला पुण्याला गेला आणि साइट बंद पडली. आता त्या पत्त्यावर कसल्याशा जुगाराची जाहिरात दिसते. नव्या साइटसाठी एका एजन्सीनं ४५ हजारांचं कोटेशन दिलं, आमच्याजवळ १२ हजार आहेत. अध्यक्षकाकांना पहिल्या पानावर स्वतःचा फोटो पाहिजे. त्यांचे भाऊ अमेरिकेत असतात, ते साइटवरून देणगी द्यायला तयार आहेत. एका मुलीच्या आईनं फेसबुकवरून तिचा फोटो हटवायला लावला, तेव्हापासून आमची मुलं कोणताच फोटो टाकायला घाबरतात. गणपतीच्या आत साइट सुरू करायची आहे. सुरुवात कुठून करू?"
— एक सचिव, वय २२, नागपूर

सचिवसाहेब,

बाविसाव्या वर्षी सचिव असणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. नागपूरच्याच महाल भागातल्या एका मंडळाची मी सहा वर्षं सचिव होते. पावती पुस्तकं माझ्या पिशवीत आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून आधी तुझ्या बाजूनं एक सांगते: ते ४५ हजारांचं कोटेशन राहू दे. एजन्सी लुबाडते आहे असं माझं म्हणणं नाही. तू त्यांना 'वेबसाइट पाहिजे' एवढंच सांगितलं असशील, त्यांनी तयार ताट वाढलं. वर सरकणारी चित्रं, खाली 'आमच्याविषयी', 'ध्येय', 'उद्दिष्टं', 'गॅलरी', 'मान्यवरांचे अभिप्राय'. असली साइट कोणत्याही मंडळाला बसते, त्यामुळे ती कोणाच्याच कामाची नसते.

उद्या एक वही आण. मंडळाचा फोन ज्याच्याकडे असतो, त्याच्या हाती दे. पंधरा दिवस लोक फोनवर, व्हॉट्सॲपवर, रस्त्यात थांबवून जे जे विचारतील, ते सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. सुधारून लिहायचं नाही. "भाऊ, या संडेला क्लास आहे का" असं कोणी विचारलं तर वहीत तसंच आलं पाहिजे, 'रविवारच्या वर्गाबाबत विचारणा' असं नाही.

एका वाचनालयाच्या साइटसाठी मी अशीच वही ठेवायला लावली होती. त्याआधी समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या आणि 'इतिहास', 'संस्थापक', 'ग्रंथसंपदा' अशी भारदस्त पानं ठरली होती. पंधरा दिवसांत वहीत साठेक प्रश्न जमले. त्यातले निम्मे एकच होते: "सोमवारी उघडं असते का?" संस्थापकांविषयी विचारणारा एकच निघाला, तोही त्यांचा नातू.

तुमची वही मी इथं बसून अर्धी भरून देऊ शकते. या रविवारी क्लास आहे का? पाऊस असला तर? सहावीतली पोरगी एकटीच येईल, तिथं कोणी ताई असते का? रक्तदानाला उपाशीपोटी यायचं का? तान्हा पोळा किती वाजता? नंदी घरून आणायचा की तिथं मिळते? निर्माल्य कुठं द्यायचं? कार्यक्रमाला भवन मिळते का, नि कोणाला विचारायचं? ही तुमची साइट झाली. सात-आठ प्रश्न, फार तर सहा पानं. बाकी जे कोणी विचारलंच नाही, ते पान काढायचं नाही.

एक पान जवळून पाहू. रक्तदान. आज तुमच्यापैकी कोणाला लिहायला बसवलं तर पहिलं वाक्य येईल, 'सामाजिक बांधिलकी जपत आमच्या मंडळाने...'. मला सांग, शिबिराच्या आदल्या रात्री दहा वाजता हे पान कोण उघडणार? एखादा पोरगा. त्याला यायचं आहे, पण वजन कमी आहे म्हणून परत पाठवतील अशी धाकधूक आहे. त्याला पहिल्या चार ओळींत हे मिळालं पाहिजे: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांचे ९० आणि स्त्रियांचे १२० दिवस झालेले असावेत. उपाशी येऊ नका, जेवून या, पाणी पिऊन या. मग तारीख, वेळ, आणि समाजभवनाला यायला ओळखीची खूण. त्या खाली एक ओळ, की रक्त घ्यायचं की नाही हे शिबिरातले डॉक्टर तपासून ठरवतील. हे पान टाकण्याआधी रक्तपेढीच्या डॉक्टरांना एकदा वाचून दाखव. मागच्या वर्षी किती पिशव्या जमल्या आणि पाहुणे कोण होते, ते शेवटी लिही, लिहायचंच असेल तर.

तान्ह्या पोळ्याच्या पानाची गंमत वेगळी आहे. पोळा श्रावणी अमावस्येला, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलणार. अशा कार्यक्रमाचं मंडळं हमखास एकच करतात, दरवर्षी नवं पान काढतात. तीन वर्षांनी कोणाची आई गूगलवर शोधते, तिला सगळ्यात जुनं पान आधी सापडतं आणि ती लेकराला धोतर-टोपी घालून, लाकडी नंदी घेऊन भलत्याच दिवशी भवनाच्या दाराशी उभी राहते. म्हणून पान एकच ठेव, आणि त्याच्या पत्त्यात वर्ष घालू नको. दरवर्षी वरची तारीख बदल, मागच्या वर्षीचे फोटो खाली ढकल. दहा वर्षांनी तेच पान तुमचा इतिहास होईल, वेगळा लिहावा लागणार नाही. आणखी एक, त्याच दिवशी इकडे महाल-इतवारीत मारबतींची, म्हणजे काळ्या आणि पिवळ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, आणि नागपूरकर काळी-पिवळीची भेट पाहिल्याशिवाय दुसरीकडं हलत नाही. तेव्हा तुमच्या पानावर 'मारबत पाहून या, आमचं सायंकाळी पाचला सुरू होते' अशी एक ओळ असू दे. या एका ओळीनं पन्नास फोन वाचतील.

पानं ठरली की मेन्यूतली नावं ठरवायची. ते काम मंडळाच्या बैठकीत करू नको, तिथं 'उपक्रम' शब्द आल्याशिवाय राहायचा नाही. मागच्या गणपतीच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिका असतीलच पडून. त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकेक मजकूर लिही: क्लासची वेळ, ताईंचे नंबर, नंदी सजावटीचे नियम, असं. समाजभवनाच्या सतरंजीवर पत्रिका पसर आणि मंडळाबाहेरची चार माणसं बोलाव. दोन आया, एक नववीतला पोरगा, आणि भवनाचे चौकीदार. त्यांना म्हण, यातलं जे एकत्र असावं असं वाटते त्याच्या गड्ड्या लावा, आणि प्रत्येक गड्डीला नाव द्या. तू तोंड बंद ठेवून नुसतं पाहत बस. हेच सगळ्यात कठीण असतं. तुझं लाडकं 'शैक्षणिक' कोणी उच्चारणार नाही. तू पत्रात 'वर्ग' लिहिलंस, पण आया 'क्लास' म्हणतात, मग मेन्यूत 'रविवारचा क्लास'. मराठी बुडत नाही त्यानं.

भाषेवरून आठवलं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आपल्या कानांना हिंदी परकी नाही, आणि तुमच्या क्लासमधल्या निम्म्या घरांत ती बोलली जात असेल. संपूर्ण साइट तीन भाषांत करायचा उत्साह कोणीतरी दाखवेलच, त्याला चहा पाजून बसव. तीन भाषा म्हणजे तारीख बदलली की तीन ठिकाणी बदला, आणि दोन ठिकाणी ती राहून जाणार हे नक्की. मराठीतच ठेव. फक्त क्लासच्या आणि रक्तदानाच्या पानावर वर चार ओळी हिंदीत दे: काय, कुठं, कधी, फोन कोणाला.

आता मजकूर टाईप करायचा. तुमचे जुने अहवाल, पत्रकं कोणत्या तरी छपाईवाल्याकडं डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये झालेले असणार. त्यातला मजकूर उचलून साइटवर चिकटवलास की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. कारण त्या फाँटांत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी फक्त वरून दिसते. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं मराठीच दिसणाऱ्या लिपीत, आणावा लागतो. बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण ते रफार आणि पहिल्या वेलांटीवर हमखास अडखळतात. तेव्हा नंतर कोणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचलं पाहिजे. सगळे अहवाल बदलत बसू नको, लागेल तेवढंच घे. आणि पत्रिकेचा फोटो टाकून 'झालं पान' म्हणायची सवय तोड. फोटोतली तारीख गूगलला धड वाचता येईल याची खात्री नसते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ती नीट वाचून दाखवेलच असं नाही. पत्रिका टाक, पण त्याखाली तारीख, वेळ, ठिकाण अक्षरांत लिही.

पानांचे पत्ते मात्र इंग्रजी अक्षरांत ठेव. हे मराठीतून सांगताना मलाच कसंतरी होते, पण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बरेचदा त्याची टक्क्याच्या खुणांची आगगाडी होते. अक्षर असो की काना-मात्रा, एका देवनागरी खुणेची नऊ अक्षरं, म्हणजे नुसत्या 'पोळा'ची छत्तीस. एवढा लांब दुवा पाहून लोकांना तो फसवणुकीचा वाटतो. देवनागरीतलं 'डॉट भारत' डोमेनही, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता, २०१४ पासून मिळतं. हौस असेल तर जोडीला घ्या, पण फोनवर सांगता येईल असा छोटा 'डॉट इन' पत्ता आधी.

रंग, रचना यांवर मी वेळ घालवणार नाही, तूही घालवू नको. एकच गोष्ट कर. मे महिन्यात दुपारी एक वाजता, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, सीताबर्डीच्या चौकात उभा राहून कोणाच्या तरी तीन-चार वर्षं जुन्या मोबाइलवर तुझी साइट उघड. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही आजकालची फॅशन आहे, तिथं ती दिसत नाहीत. आणि मोबाइलमधून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असेल तर पान उघडेपर्यंत सिग्नल दोनदा सुटेल. फोटो दीडदोनशे केबीपर्यंत लहान करून चढवायचे. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून इथं दाखवायचे.

सहा पानांना वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं ते मोठं सॉफ्टवेअर, लागत नाही. चांगलं आहे, फुकट आहे, मी रोज वापरते. पण त्याचे प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, वेळच्या वेळी अपडेट करणारं कोणी नसलं की वर्षभरात कोणी तरी आत शिरून औषधांच्या जाहिराती लावतो. तुमच्यात असं माणूस नाही, कारण जो होता तो पुण्याला गेला. गूगल साइट्स घ्या, दिसायला साधी, पण होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचा, खर्च नाही आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. खर्च राहिला तो डोमेनचा. विकणारे पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त लावतात, तू दुसऱ्या वर्षाचा विचार. तुमच्या १२ हजारांतले बरेचसे उरतील. त्यातून डोमेनचे पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाक, दहा वर्षांपर्यंतही भरता येतात.

मला खरं बोलायचं आहे ते साइटच्या किल्ल्यांविषयी, म्हणजे डोमेन आणि पासवर्ड कोणाच्या ताब्यात असावेत त्याविषयी. तुमची जुनी साइट बंद पडली त्यात त्या मित्राची चूक थोडी आहे. डोमेन त्याच्या नावावर असेल, मुदत संपत आल्याच्या मेल त्याच्या कॉलेजच्या बंद पडलेल्या मेलबॉक्सात जाऊन पडल्या असतील. डोमेन काही एका रात्रीत जात नाही. समज, तुमचं 'डॉट ओआरजी' होतं. मुदत संपल्यावर विकणारी कंपनी आधी थोडी सवलत देते, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, त्यानंतर आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही खुलं होतं. एवढ्या दिवसांत मंडळातल्या एकालाही कळलं नाही, कारण कळवायला दुसऱ्या कोणाचा पत्ताच तिथं नव्हता.

यावेळी असं कर. मंडळाच्या नावानं एक वेगळं मेल खातं काढ, तुझं स्वतःचं वापरू नको. पुढच्या वर्षी तूही बंगळुरूला असशील. डोमेन त्या खात्यावरून, मंडळाच्या नावानं घे. खात्याला दुहेरी पडताळणी लाव, म्हणजे पासवर्डशिवाय मोबाइलवरूनही खात्री मागेल, आणि मोबाइल नंबर कोषाध्यक्षांचा दे, तुझा नको. मोबाइल जवळ नसला तर चालणारे दहा बॅकअप कोड गूगल देते, एक कोड एकदाच चालतो. ते छापून, पासवर्डसह पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, सही करून कोषाध्यक्षांच्या कपाटात, पावती पुस्तकांच्या शेजारी ठेव. दरवर्षी नवी कार्यकारिणी निवडली की पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं, पासवर्ड बदलायचा, नवं पाकीट करायचं. पाकिटावर डोमेनची मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत. हे सांगितलं की पोरं हसतात. हसू दे.

आणि प्रत्येक पानाला एक मालक. क्लासचं पान क्लास घेणाऱ्या ताईचं, पोळ्याचं दुसऱ्या कोणाचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लास सुटल्यावर आपापलं पान मोबाइलवर उघडून पाहायचं, वीस मिनिटांचं काम आहे. 'ताज्या बातम्या' असा विभाग काढू नको. दोन वर्षांपूर्वीची ताजी बातमी मिरवणाऱ्या साइटी मी पाहून पाहून थकले. आज पाऊस आहे, क्लास नाही, हे सांगायला व्हॉट्सॲपचा गट आहेच, आणि तेच त्याचं खरं काम आहे. साइटवर रोज न बदलणारं ठेवायचं.

जुन्या पत्त्याचं आता. तो परत विकत घ्यायला जाऊ नको. ज्यांच्याकडं गेला ते तोंडाला येईल तो आकडा सांगतील. पण दोन कामं याच आठवड्यात कर. फेसबुक, गूगल मॅप्स, जुनी पावती पुस्तकं, समाजभवनाचा फलक, जिथं जिथं तो छापला किंवा लिहिला असेल तिथून काढ. पुस्तकांवर नव्या पत्त्याचा रबरी शिक्का मार. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. त्या जुन्या डोमेनवरचा मेल पत्ता वापरून फेसबुक पेज किंवा आणखी कुठलं खातं उघडलेलं आहे का, ते शोध. असेल तर लगेच बदल. ज्याच्याकडं ते डोमेन आता आहे, तो त्याच नावाचा मेलबॉक्स उघडू शकतो, आणि 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की तुमच्या खात्याची किल्ली त्याच्या हातात पडते. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते.

फोटोंवरून मुलं घाबरली आहेत, हे मला बरंच वाटलं. त्या आईचा मला राग येत नाही, तुलाही येऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. पण कायदा बाजूला ठेव. क्लासमधल्या पोरीचा चेहरा, खाली तिचं नाव, अंगात शाळेचा गणवेश, आणि वरच्या ओळीत 'दर रविवारी सकाळी साडेआठला, अमुक भवनात'. ही चार गोष्टींची मोट एका पानावर बांधून आपण ती कोणाच्या हातात देतो आहोत, याचा विचार तिच्या आईनं केला, आपण केला नाही.

क्लासच्या प्रवेश अर्जात दोन वेगळ्या चौकटी कर. एक प्रवेशाची, दुसरी फोटोची. दुसऱ्या चौकटीत 'नाही' लिहिणाऱ्या घरच्या मुलाला प्रवेश तसाच आणि तेवढाच मिळाला पाहिजे, आणि हे अर्जावरच छापलेलं असावं. 'हो' असली तरी चेहऱ्याखाली नाव नको, गणवेशाचा बिल्ला नको. मागून काढलेले, वहीवर वाकलेले, फळ्यापाशी घोळका केलेले फोटो घ्या. क्लास कसा आहे ते त्यातून जास्त कळतं. मोबाइलच्या फोटोत कुठं काढला तेही बरेचदा आत नोंदलेलं असतं, चढवण्याआधी ते काढून टाकायचं. कोणी फोटो हटवा म्हटलं की त्याच दिवशी हटवायचा, कारण विचारायचं नाही, आणि फेसबुकवरचाही हटवायचा. मुलांच्या नावांची, फोन नंबरांची यादी तुम्ही गूगल शीटमध्ये ठेवली असेल तर आत्ता उघडून पाहा. 'दुवा असलेल्या कोणालाही' दिसते आहे का? दहापैकी सात मंडळांची दिसते, असं मी अनुभवावरून सांगते, मोजून नाही.

देणगीविषयी थोडक्यात, कारण इथं माझ्यापेक्षा सीएचा सल्ला मोलाचा. तुमची धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे का, हे पत्रात तू लिहिलेलं नाहीस. नसेल तर साइटवर क्यूआर कोड लावायचा विषयच काढू नको. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवाची वर्गणी गोळा करायलाही त्या कार्यालयाची परवानगी लागते. असेल तर नोंदणी क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी दे. क्यूआर कोड फक्त मंडळाच्या बँक खात्याचा दे, 'तात्पुरता' म्हणून कोणाच्या स्वतःच्या खात्याचा अजिबात नको. करसवलतीचं ८०जी प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय तो शब्दसुद्धा लिहायचा नाही.

अमेरिकेतल्या काकांना मात्र एक प्रश्न आधी विचार: पासपोर्ट कोणता? भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर २०१० चा परदेशी देणगीचा कायदा लागू होतो. त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना तुम्ही एक डॉलरही घेऊ शकत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे म्हणून चालते, असं कोणी सांगेल, चालत नाही. काकांना वाईट वाटलं तर त्यांना म्हण, सुट्टीत या आणि दोन रविवार मुलांना इंग्रजी शिकवा. त्याला परवानगी लागत नाही.

गणपतीच्या आत साइट सुरू करू नको. त्या दिवसांत तुम्हाला जेवायला वेळ नसतो, आणि घाईत उघडलेली साइट पुढच्या गणपतीपर्यंत तशीच अर्धवट राहते. गणपतीत वही चालू ठेव, तेव्हाच सगळ्यात जास्त प्रश्न येतात. दिवाळीनंतर, तुझी परीक्षा पाहून, दोन पानं टाक: क्लास आणि संपर्क. बाकीची महिन्याला एक. उद्घाटन, फीत, बटण दाबणारे पाहुणे काही नको. क्लासच्या मुलांना पत्ता वहीवर लिहून घरी दाखवायला सांग, झालं उद्घाटन.

अध्यक्षकाकांचा फोटो राहिला. ते म्हणत असतील, "तू साइट बनवून राहिला ना बाप्पा, मंग आमचा फोटो कुठं टाकून राहिला?" त्यात त्यांचं काही चुकत नाही, वर्षानुवर्षं उन्हातान्हात वर्गणीसाठी दारोदार तेच फिरले आहेत. त्यांचा फोटो संपर्काच्या पानावर लाव, कार्यकारिणीतल्या पाचही जणांचे लाव, आणि प्रत्येकाखाली पदाऐवजी काम लिही: 'भवन बुक करायचं असेल तर यांना फोन करा, संध्याकाळी सहानंतर'. लोक तेच पान सगळ्यात जास्त उघडतील. पंधरा दिवसांत काकांचा फोन इतका वाजेल की पहिल्या पानाची आठवण त्यांना राहणार नाही. फक्त नंबर टाकण्याआधी प्रत्येकाला विचारून घे, विशेषतः मुलींना. ज्यांना स्वतःचा नंबर द्यायचा नसेल त्यांच्यासाठी मंडळाचा एक फोन ठेवा.

आणि पुण्याच्या मित्राला एकदा फोन कर. जाब विचारायला नको, त्यानं हौसेनं केलं होतं आणि कोणी त्याच्याकडून ते कधी समजून घेतलं नाही. जुनी पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या साइटींच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, थोडीफार सापडतील, जुना पत्ता तिथं घालून बघ. पण मोठे फोटो तिथं बहुतेक नसतात. ते त्याच्या जुन्या लॅपटॉपवर किंवा एखाद्या पेन ड्राइव्हवर असतील. सुट्टीत घरी येईल तेव्हा त्याला समाजभवनात बोलाव, तर्री पोहे मागव, आणि म्हण, पहिल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याचे फोटो घेऊन ये. तेव्हाची नंदीवाली लेकरं आता तुमच्याच क्लासला शिकवत असतील.